दूध सोसत नव्हतं

माझ्या बायकोला हे माहीत होतं. पण मी तिला सांगितलं नव्हतं – तिनं ते ओळखलं होतं. सांगितलं असं मी कुणालाच नाही. वस्तादांना नाही, तालमीतल्या पोरांना नाही, देवळात एकटा उभा होतो तेव्हाही नाही. आज तुमच्यापुढे बसलोय आणि कुठून धरावं ते कळत नाही. कुस्तीत समोरच्याचा हात दिसतो, पाय दिसतो – कुठेतरी पकड घालता येते. इथे काय धरायचं?

तुम्ही धुळ्याचे असाल तर मला ओळखत असाल. दौलत पहिलवान. पांझरेच्या काठी आमची तालीम. पण दौलत म्हणून कमी, दूधवाला पहिलवान म्हणून जास्त. शाळांमधून मला बोलावणी यायची. हेडमास्तर मला मंचावर बसवायचे, समोर पोरंपोरी मांडी घालून, आणि टेबलावर धारोष्ण दुधानं भरलेली चरवी. मी सदरा काढायचो, दंड दाखवायचो आणि चरवी तोंडाला लावून एका दमात रिकामी करायचो. पोरं टाळ्या पिटायची. मग मी सांगायचो – बाळांनो, हे बळ गाईच्या दुधाचं आहे. रोज दूध प्या, दुखणं जवळ येणार नाही.

ते बळ दुधाचं नव्हतं. इथून सुरुवात करतो. हे सगळ्यात सोपं आहे.

मी वाढलो त्या घरात दूध नव्हतंच. आई शेजारून ताक मागून आणायची. माझं अंग झालं ते कळण्याच्या भाकरीवर – ज्वारी-उडदाची ती जाड भाकरी, वर मिरचीचा ठेचा, मूठभर शेंगदाणे – आणि कधी मिळालंच तर मटणावर. लहानपणी मामाच्या घरी दोनदा-तीनदा दूध प्यायलो तेव्हा पोटात अशी कळ उठली की मी जमिनीवर लोळलो. आई म्हणाली, ह्याच्या कोठ्याला दूध मानवत नाही, राहू द्या. एवढं साधं होतं ते. आईनं ते एका वाक्यात मिटवलं होतं.

मग मी धुळ्यात एक मोठी कुस्ती मारली. समोरचा माझ्यापेक्षा वजनानं बराच जास्त होता, आणि मी त्याला धोबीपछाडवर आणून त्याची पाठ मातीला लावली. एका जिनिंगवाल्या शेठनं बक्षीस लावलं होतं – वासरासकट गाय. ती गाय हार घालून थेट कुस्तीच्या हौद्याशी आणली. शेठनं तिथेच तिची धार काढवली आणि फेसाळलेली चरवी माझ्या हातात दिली. घसा सुकला होता, हजारो डोळे माझ्यावर होते. मी प्यायलो. शेठनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "बघून घ्या, गोमातेच्या दुधाचं बळ."

कुस्ती मी आधी मारली होती. दूध नंतर प्यायलो होतो. तिथे कुणाच्याच ध्यानात ते आलं नाही. माझ्या आलं. मी हसलो.

त्याच दुपारी जिनिंगच्या मागच्या नाल्यात मी गुडघ्यांत डोकं घालून बसलो होतो. पोटात कुणी सुरी फिरवत असावं तसं वाटत होतं. आणि तिकडे गावात माझ्या नावाच्या पुढे दूध लागलं होतं.

मग ते सुटलं नाही. शेठनं व्यायामशाळा काढली, तिच्यावर मला नेमलं. ते दिवस तसेच होते – गल्लोगल्ली व्यायामाची, देशसेवेची भाषणं, आणि प्रत्येक भाषणात दूध. मला दुधाची चरवी पुढे आली की कपाळावर घाम यायचा. पण मी युक्ती शोधली. प्यायचं, दोन शब्द बोलायचे, मग 'जरा आलोच' म्हणून भिंतीआड जायचं आणि घशात बोटं घालायची. सगळं बाहेर. तोंड धुवायचं, मिशी पुसायची, परत यायचं. याचा मला इतका सराव झाला की आवाजही होत नसे.

दूध वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला मानवतं त्यानं खुशाल प्यावं. आमच्या तालमीतली कितीतरी पोरं दुधावर घोड्यासारखी झाली. पण माझ्यासारखीही काही होती. दूध प्यायल्यावर तोंड कडू करून कोपऱ्यात बसायची. ती मला कळायची – मला नाही कळणार तर कुणाला? आणि त्यांना मी काय सांगायचो? आळशी आहात. सवय करा.

आता तुम्ही विचाराल, एकदा सांगून टाकायचं होतं की. कुणी फाशी दिली असती का? आमच्या गल्लीतले वैद्य उघड म्हणायचे, दूध अमृत खरं, पण ज्याला पचतं त्यालाच. लोक दोन दिवस हसले असते. पण ते दोन दिवस मला नको होते. मी हौद्यात कुणाला भ्यालो नाही, आणि त्या हसण्याला आयुष्यभर भ्यालो.

माझी बायको गजरा. पारोळ्याकडची. ती घरात आली आणि महिन्याभरात तिला सगळं कळलं. घरात ती माझ्या वाटचं दूध विरजून ठेवायची, मला दही-ताक वाढायची. ते मला बाधत नसे. बाहेरच्यांसमोर मात्र चरवी आणून माझ्यापुढे ठेवायची आणि नजर खाली करायची. आम्ही यावर कधी बोललो नाही.

मग राजधर झाला. आमचा एकुलता एक.

तो माझ्यावर गेला होता – नाकानं, खांद्यानं आणि कोठ्यानंही. अंगावरचं सुटलं आणि गजरानं त्याला गाईचं दूध वाटीनं पाजलं, तर त्यानं सगळं ओकून टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच. माझ्यापेक्षा त्याचं जास्त होतं – मला कळा यायच्या, तो थेट ओकायचा, अंगावर पित्तासारखे लाल चट्टे उठायचे. गजरानं दूध बंद केलं. पेज, वरणाचं पाणी, भाकरीचा काला – पोर टुणटुणीत झालं. तिथे सगळं संपायला हवं होतं ना?

एकदा शेठच्या घरची मंडळी आली होती. तेव्हा तो चालता-बोलता झाला होता. कुणीतरी कौतुकानं त्याच्या हातात दुधाचा पेला दिला. त्यानं तो सगळ्यांसमोर ओतून दिला आणि म्हणाला, "माले नको, ओकारी येस." कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हटलं, दूधवाल्या पहिलवानाचा पोऱ्या आणि दूध नको म्हणतो. एवढंच. पण माझे कान तापले.

त्याच्या वागण्याचा राग नव्हता आला मला. मी जे भिंतीआड जाऊन करत होतो, ते तो चारचौघांत करत होता. माझंच बिंग माझ्या अंगणात उघड्यावर फिरत होतं.

त्या दिवसापासून मी त्याला पाजायला लागलो. कसं – तेही सांगतो, आता लपवून काय करू? मी त्याला उताणा पाडायचो. छातीवर गुडघा. एका हातानं नाक दाबायचं, की श्वासासाठी तोंड उघडायलाच हवं. मग गडू ओठांशी लावून ओतायचं. तो हातपाय झाडायचा, नखांनी माझे हात ओरबाडायचा. ओकला तर थोबाडीत, आणि पुन्हा गडू. एकदा त्यानं दात आवळून धरले. मी गडूची कड दातांमध्ये रेटली तेव्हा पुढचा एक दात मोडला. दुधात रक्त मिसळलं आणि गुलाबी झालं. तेही मी त्याला प्यायला लावलं.

गजरा मध्ये पडली. पहिल्यांदा आणि एकदाच ती बोलली – "तुम्हले बी पचत नही. मग त्याले काबर पाजतस?"

मी तिला असं मारलं की ती चुलीवर जाऊन पडली. तिच्या कोपराला भाजल्याचा डाग शेवटपर्यंत होता. का मारलं? ती मध्ये पडली म्हणून नव्हे. तिनं ते मोठ्यानं म्हटलं म्हणून. पोरानं ऐकलं असेल का, हे बघायला मी वळलो. तो ओकत होता. त्यानं ऐकलं नसावं.

वर्षं गेली. पोर मोठं झालं, आणि मारानं का होईना, मुकाट्यानं पिऊ लागलं. प्यायचं आणि दिवसभर पिवळं पडून राहायचं. त्याच्या एका कानानं ऐकू येत नसे – तो कान माझ्या हातानं गेला होता. पण अंग चपळ होतं. हौद्यात तो पाण्यातल्या माशासारखा फिरायचा. मोठमोठ्यांच्या हातातून निसटायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पाय ओढून पट काढायचा. मला त्याचा अभिमान होता. हे सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल.

लढाई सुरू होती, रेल्वेनं फौजेचे डबे जायचे, त्या दिवसांतली गोष्ट. नशिराबादला मोठ्या कुस्त्या ठरल्या. राजधरची जोड यावलच्या सुपडू नावाच्या मल्लाशी लागली. सुपडू दांडगा, पण मनानं सरळ गडी. आम्ही चाळीसगावावरून जळगावला उतरलो, तिथून बैलगाडीनं नशिराबादला. वाटेत राजधर पहिल्यांदाच माझ्याशी मोकळं बोलत होता. कुठला डाव टाकू, कसा फिरू. मी ऐकत होतो. माझा ऊर भरून आला होता.

कुस्त्यांच्या आधी तिथल्या मंडळींनी मंडपात आमचा सत्कार ठेवला. बापलेकांनी सगळ्यांसमोर धारोष्ण दूध प्यायचं – ही त्यांची हौस. दोन चरव्या आल्या. राजधर माझ्या जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आबा, आज नको. आज कुस्ती शे."

त्यानं मागितलेली ती एकच गोष्ट. मी माझी चरवी उचलली, रिकामी केली आणि दुसरी त्याच्या हातात दिली. लोक बघत होते. तो प्यायला.

मी सवयीनं मंडपामागे गेलो. तिथे बैलगाड्या सोडलेल्या होत्या. एका गाडीच्या आड वाकून घशात बोटं घातली. सगळं बाहेर आलं, मी मिशी पुसली, वळलो – आणि समोर राजधर उभा होता. तोही ओकायलाच आडोसा शोधत आला होता.

तो माझ्याकडे बघत राहिला. जमिनीवर पडलेलं दूध बघितलं, पुन्हा माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो लहान पोरासारखा दिसत होता. त्या घटकेला मी एवढंच म्हणायचं होतं – मलाही पचत नाही रे. चार शब्द. तिथे तिसरं कुणी नव्हतं. बैल रवंथ करत होते.

मी त्याची मान पकडली, गाडीच्या चाकावर त्याचं डोकं आपटलं आणि म्हणालो, "कुणाला बोललास तर जीव घेईन."

तेवढ्यात जोडीचा पुकारा झाला. त्याला ओकायलाही सवड मिळाली नाही.

तो हौद्यात उतरला तेव्हाच मला दिसलं की त्याचं अंग त्याच्या ताब्यात नाही. पोट आत ओढून तो वाकून चालत होता. सुपडूनं हात मिळवला आणि त्याच्याकडे बघून क्षणभर थांबला, त्यालाही काहीतरी कळलं असावं. मग सलामी झाली. राजधरनं एकदा पट काढायचा प्रयत्न केला. सुपडूनं त्याला वरून दाबला, पोटावर वजन पडलं, आणि पोराचा लंगोट भरला. मातीत सगळ्यांना दिसलं. पाच-सात हजार माणूस हसलं. सुपडूनं त्याला हळूच उताणा केला, जणू काही निजवतोय, आणि बाजूला झाला.

राजधर उठला. कुणीतरी टॉवेल फेकला, तो त्यानं उचलला नाही. तो सरळ माझ्याकडे चालत आला, भर सभेत. लोक अजून हसत होते, पण पुढच्या रांगा शांत होत होत्या – बाप काय करतो ते बघायला. तो माझ्यासमोर उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "आबा, तुम्हले बी –"

त्याला पुढे मी बोलू दिलं नाही. कुठे मारलं की तोंड मिटतं, हे पहिलवानाला माहीत असतं. तळहाताच्या टाचेनं, खालून वर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो खाली कोसळला तरी मी थांबलो नाही. लाथा घातल्या, तोंडावर, पुन्हा तोंडावर. तो दोन्ही हातांनी तोंड झाकत होता आणि मी ते हात तुडवत होतो. कुणी मला अडवलं नाही. उलट मागून एक जण म्हणाला, बाप असावा तर असा.

हरला म्हणून मारला, असं सगळ्यांना वाटलं. हरल्याचं मला काही नव्हतं. तो बोलू नये म्हणून मी त्याचा जबडा फोडला.

हे तरी शेवटचं असतं – तर मी कदाचित हेसुद्धा तुम्हाला सांगितलं नसतं. जबडा सांधता येतो.

जळगावला दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण होते, पण मन लावून काम करणारे. त्यांनी खालचे-वरचे दात तारेनं एकमेकांना बांधले, वरून हनुवटी ते डोकं पट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाटेशी बोलावलं. भोवती कुस्त्यांची मंडळी होती, तालमीची पोरं होती, शेठचा माणूस होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं – तोंड उघडणार नाही, पातळ पदार्थच नळीनं दातांच्या फटीतून द्यायचा. आणि उलटी होता कामा नये. तोंड बंद आहे, ती बाहेर येणार नाही, घशात अडकली तर जीव जाईल.

मग त्यांनी विचारलं, "याला दूध सोसतं ना?"

मी भोवती बघितलं. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्यातल्या दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर तर हसू होतं – काय विचारता डॉक्टर, कुणाला विचारता.

मी म्हणालो, "सोसतं. दुधावरच वाढलाय तो."

राजधर शुद्धीवर होता. त्यानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की नखं रुतली. डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायला लागला, पट्टीतून घशातला आवाज येत होता. डॉक्टर वाकले. "काय म्हणतोय हा?"

मी म्हणालो, "दुखतंय त्याला."

डॉक्टरांनी त्याला गुंगीचं औषध दिलं. त्याची बोटं सैल झाली. माझं मनगट मी सोडवून घेतलं. दुपारी परिचारिकेनं दूध आणलं, कोमट, साखर घातलेलं. तिनं मायेनं, थोडं थोडं करून पाजलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. ती दुसऱ्या रोग्याकडे गेली तेव्हाही मी तिथेच होतो. त्याचं पोट ढवळायला लागलेलं मला पांघरुणावरून दिसलं. मला ते कसं दिसणार नाही? आयुष्यभर मी तेच तर ओळखत आलो होतो. त्याच्या अंगावर चट्टे उठले. छाती एकदा वर आली, दुसऱ्यांदा वर आली. नाकातून दूध आलं. डोळे उघडले, आणि ते माझ्यावरच होते.

मी हाक मारली – पण केव्हा मारली? हे मला रोज आठवतं. आधी मी दाराकडे बघितलं, आमची माणसं कुठे आहेत ते. ती व्हरांड्यात होती. मग मी हाक मारली. डॉक्टर पळत आले, पक्कडीनं तारा तोडायला लागले. तारा तुटल्या तोवर पोर निळं पडलं होतं.

संध्याकाळच्या गाडीनं गजरा आली. तिला पोराच्या जबड्याचंच कळलं होतं. ती खाटेशी गेली, वाकली, त्याच्या मानेपाशी नाक नेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय दिनं त्याले?"

मी म्हणालो, "औषध."

 तिनं पदराच्या टोकानं त्याच्या मानेवरचं सुकलेलं दूध पुसलं. क्रियाकर्म झालं आणि ती पारोळ्याला भावाकडे गेली ती परत आली नाही. लोकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, पोराच्या दुःखानं तिचं डोकं फिरलंय. लोकांनी मान डोलावली. तिकडेही ती गोष्ट पोचली आणि तिला शेवटपर्यंत वेडी म्हणत राहिले. ती चांगली शहाणी होती.

पोलीस आले होते. जबडा कसा मोडला, विचारलं. कुस्त्यांच्या मंडळींना भानगड नको होती, ते म्हणाले, कुस्तीत लागलं. हजारोंनी बघितलेलं होतं, पण ज्याला विचारलं तो हेच बोलला. शेवटी मला विचारलं. मीही म्हणालो, कुस्तीत लागलं.

सुपडूला अटक झाली नाही, कुस्तीतली इजा म्हणून सोडून दिलं. पण यावलला कागदावरचंच खरं ठरलं आणि त्याच्या नावाला ते चिकटलं. तालमीत त्याच्याशी कुणी हात मिळवेना. आमच्याकडची काही पोरं, त्या दिवशी नशिराबादला नसलेली, पण माझीच पोरं, एकदा बाजाराच्या दिवशी यावलला गेली आणि त्याचा उजवा हात त्यांनी दगडावर ठेवून ठेचला. मला येऊन सांगितलं, वस्ताद, हिशेब पुरा केला. मी त्यांना थांबवलं नव्हतं. ते जाणार हे मला माहीत होतं.

तो हात गळ्यात बांधून सुपडू धुळ्याला आला. माझ्या ओट्यावर बसला. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाला, "नाना, मी त्याच्या तोंडाले हात बी लावला नाही. तुमी बघितलं. तुमी तरी सांगा लोकायले."

तो रडत नव्हता. अगदी शांतपणे बोलत होता. माझ्या तोंडून यायला हवं होतं ते एकच वाक्य होतं.

मी म्हणालो, "झालं ते झालं, सुपडू. आता घरी जा."

 तो उठला आणि डाव्या हातानं नमस्कार करून गेला.

यानंतर मी शाळांमधून जाणं बंद केलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही केलं. सुतक फिटलं आणि दुसऱ्याच महिन्यात एका शाळेत मी मंचावर बसलो होतो. हेडमास्तरांनी माझ्या दुःखाविषयी दोन शब्द सांगितले, पोरं उभी राहिली, आणि मग चरवी आली. मी प्यायलो. भिंतीआडही जाऊन आलो.

आता शरीर थकलंय. स्वराज्य आलं, झेंडे लागले, मिठाई वाटली. त्याच्या आसपासची ही गोष्ट. एक बाई माझ्या दारी आली, मागच्या गल्लीतली, ओळखीची नव्हे. कडेवर पोर होतं, वर्षा-दीड वर्षाचं, अंगावर लाल चट्टे. म्हणाली, "नाना, हाई दूध पेस आन ओकी टाकस. सासू म्हणस पाजच. तुम्हले दूधनं सगळं समजस. पाजू का नको?"

पोर माझ्या मिशीकडे हात करत होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. ना शेठ, ना हेडमास्तर, ना तालमीची पोरं. माझं नाव सांभाळावं असं आता काही उरलेलंही नव्हतं. नको म्हणायला मला कुणाचीही भीती नव्हती.

मी म्हणालो, "पाज. सवय होते."

ती पाया पडली आणि गेली. त्या पोराचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. त्या गल्लीनं मी जात नाही.